झाकली बाटली

२५ जानेवारी १९८१. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल हा अंतिम सामना रंगला आहे, आणि क्रिकेटच्या विश्वचषकाच्या दिवशी आपल्याकडचे रस्ते जसे ओस पडतात, तसा सगळा देश दूरचित्रवाणीसमोर बसला आहे. मध्यंतरात एक जाहिरात सुरू होते. ती आधी चित्रित केलेली नाही, थेट प्रक्षेपित होते आहे. मिकलोब ही बिअर नेमाने पिणारी १०० माणसे बसली आहेत आणि प्रत्येकासमोर दोन पेले आहेत. एकात त्यांची स्वतःची मिकलोब आहे आणि दुसऱ्यात जाहिरात देणाऱ्या कंपनीची श्लिट्झ, पण कोणत्या पेल्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. फुटबॉलचे माजी पंच टॉमी बेल यांच्या देखरेखीखाली ते दोन्ही पेले चाखतात आणि जी बिअर अधिक आवडली तिला कौल देतात. निकाल जाहीर होतो : १०० पैकी ५० जणांनी आपली नेहमीची बिअर सोडून श्लिट्झ निवडलेली असते.

घरी बसलेल्या प्रेक्षकाला हा मोठाच पराक्रम वाटला असणार. मिकलोबच्या निष्ठावंतांपैकी निम्मे जण एका घोटात फितूर झाले, तर श्लिट्झमध्ये काहीतरी असले पाहिजे, असा अर्थ त्यातून सहज निघत होता आणि तोच निघावा अशी योजनाही होती. लेबल झाकून चव पारखण्याच्या पद्धतीला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतात. तिचे नाव घेतले की आपण आपोआप तिच्यावर विश्वास टाकतो, कारण जिथे नाव दिसत नाही तिथे पक्षपातही नसणार, असे आपल्याला वाटते. म्हणूनच या जाहिरातीतला हिशेब जरा सावकाश पाहावा लागेल.

अशी कल्पना करू, की या दोन बिअरमधला फरक त्या १०० जणांपैकी एकालाही कळत नव्हता. नियम असा होता की दोन्हींपैकी एक निवडलीच पाहिजे. ‘दोन्ही सारख्याच लागतात’ असे उत्तर देण्याची सोय नव्हती. अशा वेळी माणूस जे उत्तर देतो ते नाणे उडवून दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळे नसते, आणि १०० वेळा नाणे उडवले तर सुमारे ५० वेळा छाप पडते. श्लिट्झला ४० पेक्षा कमी मते पडण्याची शक्यता अशा परिस्थितीत दोन टक्क्यांहूनही कमी होती. याच साखळीतल्या आधीच्या एका चाचणीत बडवायझर पिणाऱ्या १०० जणांपैकी ४६ जणांनी श्लिट्झ निवडली होती आणि जाहिरातीच्या दृष्टीने तोही विजयच होता. खरी चलाखी मात्र माणसांच्या निवडीत होती. हेच दोन पेले श्लिट्झच्या निष्ठावंतांपुढे ठेवले असते, तर त्यांच्यातलेही निम्मे जण फितूर झाले असते, पण तो प्रयोग दूरचित्रवाणीवर दाखवण्याचे श्लिट्झला काही कारण नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

तात्पर्य, त्या रात्री श्लिट्झ उत्तम आहे असे सिद्ध झाले नव्हते. त्या आकड्यांतून फार तर एवढेच म्हणता येत होते, की मोठ्या कारखान्यांतून निघणाऱ्या फिकट लागर बिअर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या सौम्य बिअर, एकमेकींच्या इतक्या जवळ असतात, की नाव काढून घेतले तर त्या पिणाऱ्यालाही आपली कोणती आणि परकी कोणती हे ओळखता येत नाही. हे वाक्य मात्र कोणतीही कंपनी पैसे खर्चून प्रसारित करणार नाही.

ही शंका तेव्हा नवी नव्हती. १९६४ साली राल्फ ॲलिसन आणि केनेथ उल या दोघांनी विपणनशास्त्राच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्याची आखणी आजही पाहण्यासारखी आहे. आठवड्यातून किमान तीनदा बिअर पिणाऱ्या ३२६ माणसांच्या घरी सहा-सहा बाटल्यांचे खोके पोचवण्यात आले. या बाटल्या पाण्यात भिजवून त्यांची लेबले पूर्णपणे काढून टाकली होती. एवढ्यावर न थांबता बुचांवरचे नाव तारेच्या ब्रशने घासून घालवले होते आणि ओळख म्हणून प्रत्येक बाटलीला फक्त अक्षरांची एक चिठ्ठी बांधली होती. माणसांनी आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, आपल्या सवडीने बिअर प्यायची आणि तिला गुण द्यायचे. पुढच्या फेरीत बाटल्या आल्या त्या नेहमीच्या लेबलांसह.

पहिल्या फेरीत स्वतःच्या आवडत्या बिअरलाही लोकांनी इतरांपेक्षा फारसे वेगळे गुण दिले नाहीत. लेबल दिसू लागल्यावर मात्र सगळ्याच बिअरचे गुण वधारले आणि ज्याची त्याची नेहमीची बिअर इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. एवढ्या काळात बाटलीतल्या द्रवात काहीही बदललेले नव्हते. देवगडचा हापूस श्रेष्ठ की रत्नागिरीचा, या वादात दरवर्षी हिरिरीने उतरणाऱ्यांपैकी किती जण पेटीवरचे नाव झाकून फोडीवरून निवाडा करायला बसतील, हा प्रश्न इथे डोकावून जातो. तो तसाच सोडून आपण पुन्हा बिअरकडे वळू.

कारण बिअर बनवणाऱ्यांनी स्वतः या प्रश्नाचा पाठपुरावा फार चिकाटीने केलेला आहे. संख्याशास्त्रातली ‘स्टुडंट’ची टी-चाचणी महाविद्यालयात अनेकांनी घोकलेली असते, पण हा स्टुडंट म्हणजे डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला विल्यम सीली गॉसेट हे फार थोड्यांना माहीत असते. मोजक्या नमुन्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल, हा प्रश्न त्याला कारखान्याच्या कामातच पडला आणि त्याचे उत्तर त्याने १९०८ साली टोपणनावाने छापले. चव पारखण्याची एक मूलभूत रीतही अशीच बिअरच्या कारखान्यातून आली. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या लोकांनी तिला आकार दिला. तिचे नाव त्रिकोण चाचणी, आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे.

चाखणाऱ्यासमोर तीन पेले येतात. त्यांतल्या दोहोंत एकच बिअर असते आणि तिसऱ्यात वेगळी. पेल्यांवर एक, दोन, तीन असे लिहीत नाहीत, कारण ‘एक’ म्हटले की मनात लगेच पहिला नंबर येतो; म्हणून अर्थ न लागणारे तीन आकडी क्रमांक घालतात, समजा ४१७, ८३२ आणि २९५. बिअरच्या रंगात किंचितही फरक असेल तर डोळा जिभेच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो, म्हणून खोलीत तांबडा दिवा लावतात किंवा पेलेच गडद रंगाचे घेतात. तिन्हींत बिअर सारख्याच मापाची आणि सारख्याच थंडपणाची असते. ती बर्फगार देत नाहीत, कारण फार थंड घोटाने जीभ बधिरते. दोन घोटांच्या मध्ये साधे पाणी किंवा बिनमिठाचे बिस्किट घेतात. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, पण बिअर चाखणारे बहुधा गिळतात, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या कडू फुलांचा, कडवटपणा घोट गिळल्यावरही मागे रेंगाळतो आणि तोही पारखायचा असतो.

इतकी तयारी करून विचारला जाणारा प्रश्न मात्र एवढासाच असतो : या तिन्हींत वेगळा पेला कोणता? चांगली कोणती, आवडली कोणती, महाग कोणती, यातले काहीही कुणी विचारत नाही. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एक जण बरोबर येणारच, तेव्हा १२ जण चाखायला बसले तर चार बरोबर उत्तरांना काही किंमत नसते. किमान आठ जणांनी वेगळा पेला ओळखला तरच फरक खरोखर कळतो असे मानतात. आवडीनिवडी विचारण्याआधी हा उंबरठा ओलांडायला लावणे मला फार प्रामाणिकपणाचे वाटते, कारण ज्याला फरकच कळत नाही त्याच्या पसंतीला अर्थ काय? श्लिट्झच्या जाहिरातीने नेमकी हीच पायरी गाळली होती. योहान आल्मेनबर्ग, आना ड्रेबर आणि रॉबिन गोल्डस्टीन यांनी २०१४ साली युरोपातल्या नामांकित लागर बिअर घेऊन ही पायरी सर्वसामान्य माणसांना चढायला लावली, तेव्हा तीनपैकी दोन चाचण्यांत त्यांना फरक ओळखता आला नाही.

यावरून माणसाची जीभ मठ्ठ असते असे मात्र कुणी समजू नये. बाटलीवर ऊन पडले की प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्याचे विघटन होते आणि गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, ज्याचा उग्र वास, अत्यंत सूक्ष्म प्रमाणात असला तरी, नाकाला जाणवतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी किंवा पारदर्शक काच तितका अडवत नाही. जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि आंबवणे अर्धवट राहिले तर लोण्याचा वास येतो. हे दोष नेमके ओळखायला कारखान्यातले चाखणारे शिकलेले असतात आणि ते लेबल न पाहता ओळखतात. गव्हाची बिअर आणि काळी स्टाउट यांतला फरक तर कुणालाही डोळे मिटून सांगता येईल. नाव जिभेवर कुरघोडी करते ते बहुधा अशा ठिकाणी, जिथे फरक बारीक असतो.

मग प्रश्न उरतो तो हा, की नाव नेमके काय करते. नाव वाचलेला माणूस चव तीच अनुभवतो आणि नंतर भिडेखातर गुण वाढवतो, की त्याला चवच वेगळी लागते? लिओनार्ड ली, शेन फ्रेडरिक आणि डॅन एरिएली यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या पेचावर एक खट्याळ युक्ती काढली. अमेरिकेत केंब्रिज इथल्या एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरातल्या दोन पबमध्ये त्यांनी एकूण ३८८ ग्राहकांना दोन नमुने चाखायला दिले. एक साधी बिअर होती. दुसरीला त्यांनी ‘एमआयटी ब्रू’ असे भारदस्त नाव दिले होते, पण ती म्हणजे तीच बिअर होती, फक्त तिच्यात बाल्सामिक व्हिनेगरचे, म्हणजे द्राक्षाच्या गडद आणि गोडसर सिरक्याचे, काही थेंब घातले होते.

ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यापैकी ५९ टक्के लोकांनी सिरका घातलेली बिअर पसंत केली. ज्यांना सिरक्याची गोष्ट आधी सांगितली त्यांच्यात हा आकडा ३० टक्क्यांवर घसरला, आणि यात नवल नाही. बिअरमध्ये सिरका म्हटल्यावर कुणाचेही नाक मुरडेल. खरी मेख तिसऱ्या गटात होती. या लोकांना सिरक्याचे गुपित घोट घेऊन झाल्यावर, पण मत देण्याच्या आधी, कळले. ते नुसते लोकलाजेने किंवा आपण चोखंदळ दिसावे म्हणून मत देत असते, तर त्यांचाही आकडा तिशीच्या आसपास यायला हवा होता, कारण मत देताना त्यांच्याजवळ दुसऱ्या गटाइतकीच माहिती होती. तो आला ५२ टक्के, म्हणजे काहीच न सांगितलेल्यांच्या जवळपास. एकदा तोंडाला आवडलेली चव नंतर कळलेल्या बातमीने फारशी बिघडली नाही. तीच बातमी घोटाच्या आधी पोचली, तेव्हा मात्र ती त्या घोटातच मिसळली.

हे लक्षात ठेवून पुन्हा १९८१ च्या त्या जाहिरातीकडे पाहिले, तर श्लिट्झची अडचण वेगळी दिसू लागते. मिल्वॉकी शहरातली ही कंपनी एकेकाळी अमेरिकेतली सर्वांत मोठी बिअर उत्पादक होती. १९७० च्या दशकात तिने खर्च कमी करण्यासाठी आंबवण्याचा काळ घटवला आणि मक्याच्या पाकाचा वापर वाढवला. मग बिअर गढूळ होऊ नये म्हणून घातलेल्या एका द्रव्याची फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या द्रव्याशी गाठ पडली आणि बाटलीत पांढरट कण तरंगू लागले. १९७६ साली लाखो बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पुढे कारभार हाती घेतलेल्या फ्रँक सेलिंगर यांनी बिअर सुधारली, पण तोवर ही बातमी घरोघर पोचली होती. थेट प्रक्षेपणातल्या त्या १०० जणांच्या पेल्यांवर नाव नव्हते. दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र बाटली उघडण्याआधी लेबल वाचावेच लागत होते, आणि त्या लेबलावर श्लिट्झ असे लिहिलेले होते. जाहिरात झाली त्याच वर्षी मिल्वॉकीतला कारखाना बंद पडला आणि १९८२ साली डेट्रॉइटच्या स्ट्रो कंपनीने श्लिट्झ विकत घेतली.