कुंपण आणि वाट : शहरातल्या अभयारण्यांची गोष्ट

(दृश्य : पहाट. दाट जंगलाचा डोंगरउतार, त्याला खेटून उंच इमारती. कुठूनतरी वाहत्या पाण्याचा बारीक आवाज.)

हे ब्राझीलमधलं रिओ द जानेरो. समोर दिसतंय ते तिजुकाचं जंगल. चारही अंगांनी शहर आणि मधे हे हिरवं बेट. बघणाऱ्याला वाटतं, जंगल आधीपासूनच असणार आणि शहर मागाहून त्याच्याभोवती वसलं असणार.

तसं झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर उघडेबोडके होत चालले होते. कॉफीच्या मळ्यांसाठी उतारच्या उतार तोडले गेले. काही वर्षं पीक भरभरून आलं. मग पावसानं माती धुऊन नेली आणि मातीमागोमाग झरेही गेले. रिओ ज्या ओढ्यानद्यांचं पाणी पीत होतं, त्या याच डोंगरात उगम पावत. त्यातल्या कारिओका नदीचं नाव तर रिओच्या माणसालाच चिकटलंय, आजही तो स्वतःला ‘कारिओका’ म्हणवतो. दुष्काळ पडू लागले, तशी त्या नदीच्या लेकरांवर पाण्यासाठी वणवण करायची वेळ आली.

१८६१ साली सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारनं निर्णय घेतला की हे डोंगर पुन्हा झाडाखाली आणायचे. काम मेजर मान्वेल गोमेस आर्चर यांच्याकडे सोपवलं. पण खड्डे खणणारे, रोपं वाहून नेणारे हात सुरुवातीला सहा गुलामांचे होते. त्यांची नावं टिकून राहिली आहेत, म्हणून इथं घेतलीच पाहिजेत : एलेउतेरिओ, कॉन्स्तांतिनो, मान्वेल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. ज्यांना स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, त्यांनी एका शहराला त्याचं पाणी परत मिळवून द्यायला सुरुवात केली. पुढच्या तेरा वर्षांत लाखाच्या आसपास झाडं लागली. १९६१ मध्ये हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं.

(दृश्य : पानावरून ओघळणारा थेंब. पालापाचोळा. मग काँक्रीटच्या रस्त्यावरून धावणारं गढूळ पाणी.)

‘झाडं पाऊस धरून ठेवतात’ असं आपण सहज म्हणून जातो. पण हे धरून ठेवणं कसं होतं, ते एकदा शांतपणे बघण्यासारखं आहे. थेंब आधी पानावर पडतो. तिथून फांदीवर, खोडावर, पाचोळ्यावर. जमिनीपर्यंत येईतो त्याचा सगळा जोर गेलेला असतो. खाली मुळांनी, गांडुळांनी, मुंग्यांनी माती पोकळ केलेली असते, तिच्यात तो मुरतो. मग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतो. तोच थेंब डांबरावर पडला तर काही मिनिटांत गटारात असतो. जोराच्या पावसात असे सगळे थेंब एकाच वेळी गटाराशी पोचतात आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरतं. पूर आणि टंचाई ही आपल्याला दोन वेगळी संकटं वाटतात, पण एकाच मुरवण्याच्या कामात खंड पडला की दोन्ही येतात.

उन्हाचंही असंच. पान सतत पाण्याची वाफ सोडत असतं आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून ओढली जाते. भिंती आणि रस्ते दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत देत बसतात. म्हणून उन्हाळ्यात रात्री दोन वाजतासुद्धा शहर निवत नाही. जंगलाला लागून राहणाऱ्यांना हा फरक खिडकी उघडल्या उघडल्या अंगाला जाणवतो.

(दृश्य : तलाव, काठावर दाट झाडी. मग पसरट, उथळ तळी, त्यात जाळं फेकणारे कोळी.)

मुंबईच्या कुशीतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. विहार आणि तुळशी हे एकोणिसाव्या शतकात बांधलेले तलाव त्याच्या पोटात आहेत आणि आजही शहराला पाणी देतात. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२५ चौरस किलोमीटरच्या पाणथळीत शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांमध्ये सोडलं जातं. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ते पाणी स्वच्छ करतात. या कामाचं मोल जगाला समजावून सांगण्यात अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी आयुष्य घालवलं. २००२ मध्ये ही पाणथळ रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. ती काही रूढ अर्थानं अभयारण्य नाही. पण शहराचं केवढं काम कुठलंही यंत्र न लावता होऊ शकतं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

इथं कुणीही विचारेल, आणि विचारावंच : मग झाडं लावा, तळी राखा, बागा करा. त्यात प्राणी कशाला हवेत?

(दृश्य : पुन्हा तिजुका. उंच खोडं. शांतता. कॅमेरा बराच वेळ नुसता उभा.)

ही शांतता ऐका. लावलेलं जंगल वाढलं, घनदाट झालं. वर्षानुवर्षं लोक तिथं फिरायला येत राहिले. पण मोठे प्राणी तिथून कधीच संपले होते. शिकार झाली होती आणि चहूकडून शहर वेढून असल्यामुळे बाहेरून नवे प्राणी यायला वाट नव्हती. त्यामुळे मोठ्या बियांची फळं झाडाखाली पडत आणि तिथंच कुजून जात. बी दूर नेणारं कोणी उरलंच नव्हतं. अशा जंगलातली म्हातारी झाडं एकेक करून पडतात आणि त्यांच्या जागी त्यांची लेकरं येत नाहीत. वरून हिरवं दिसणारं जंगल आतून वंश खुंटलेलं असतं.

२०१० च्या सुमारास संशोधकांनी तिजुकात अगौटी सोडायला सुरुवात केली. अगौटी म्हणजे मांजराएवढा, तपकिरी, मोठा कुरतडणारा प्राणी. त्याची एक सवय आहे. भूक भागली की उरलेली बी तो जमिनीत पुरतो, अडीअडचणीच्या दिवसांसाठी. आणि त्यातल्या काही बिया तो विसरतो! हा विसरभोळेपणा म्हणजे जंगलाची पेरणी. पहिले अगौटी आणले कुठून, तर रिओच्याच भर वस्तीतल्या काम्पो द सांताना या बागेतून. शहराच्या बागेतले प्राणी शहराच्या जंगलात गेले.

२०१५ मध्ये हाउलर माकडं आली. शंभराहून अधिक वर्षं त्या डोंगरानं त्यांची आरोळी ऐकली नव्हती. माकडं फळं खातात, दूरवर जाऊन विष्ठा टाकतात, शेणकिडे ती विष्ठा बियांसकट मातीत ओढून नेतात. माकड, किडा, बी, रोप... आणि तळाशी तोच झरा. पाण्यासाठी लावलेलं जंगल पुढची शंभर वर्षं टिकवायचं, तर माकड लागतं आणि शेणकिडाही लागतो.

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘अभयारण्य’ हा शब्द किती नेमका आहे बघा. ज्या अरण्यात अभय आहे, ते अभयारण्य. आणि ते अभय आपल्याला नाही, त्यांना आहे. जागा आधी त्यांची झाली, की पाणी, गारवा, विसावा हे सगळं आपल्याकडे मागून चालत येतं. उलट क्रमानं गेलो, म्हणजे आधी फरसबंदी, दिवे, कारंजी, खाऊच्या टपऱ्या आणि उरलेल्या कोपऱ्यात पक्षी, तर हाती बाग लागते. बागही हवीच. पण तिच्याकडून जंगलाचं काम मागू नये.

(दृश्य : हिरवी दरी, तिच्या कडेकडेनं पळणारं जाळीचं उंच कुंपण. पलीकडे घरांची छपरं.)

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. शहराला पाणी देणारं एक जुनं धरण होतं. भूकंपाचा धोका ध्यानात आल्यावर ते वापरातून काढलं आणि भोवतालची २२५ हेक्टरची दरी मोकळी झाली. शहरात मोकळी जमीन दिसली की तिचं काय होतं, ते सांगायला नको. इथं मात्र जिम लिंच या निसर्गप्रेमी माणसानं कल्पना मांडली की ही दरी माणूस येण्याआधी जशी होती, तशी पुन्हा करू. त्यासाठी मुदत किती धरली? पाचशे वर्षं. आपल्या योजना पाच वर्षांच्या असतात. पाचशे वर्षांचा विचार करणारं शहर मनात वेगळंच घर करतं.

न्यूझीलंडच्या जमिनीवर, वटवाघळं सोडली तर, मूळचे सस्तन प्राणी नव्हतेच. त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना उंदीर, मुंगूसासारखा स्टोट, पोसम यांच्यापासून बचाव करणं माहीतच नव्हतं. जहाजांबरोबर हे प्राणी आले आणि पक्ष्यांची अंडीपिल्लं फस्त होऊ लागली. म्हणून १९९९ मध्ये या दरीभोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण पूर्ण झालं. जाळी बारीक, वर चढणाऱ्याला पार करता येऊ नये अशी वळवलेली कड, आणि उकरून आत शिरता येऊ नये म्हणून जमिनीखालीही पसरलेली जाळी. आज या जागेला झीलँडिया म्हणतात.

पुढं जे झालं ते कुंपणाच्या बाहेर बघण्यासारखं आहे. २००२ पासून इथं काका सोडले गेले. काका हा जंगलातला मोठा, तपकिरी पोपट. शहरातून तो विसाव्या शतकाच्या आरंभीच नाहीसा झाला होता. कुंपण उंदराला अडवतं, पंखांना नाही. काका वाढले आणि घरांच्या परसात उतरू लागले. गोड शीळ घालणारा तुई पक्षी, जो एकेकाळी शहरात क्वचित दिसायचा, तो रस्त्याकडेच्या झाडांवर रोजचा झाला.

मग लोकांच्या ध्यानात आलं की पक्षी आपल्या अंगणापर्यंत आलाय, पण अंगणात उंदीर आहेत. आणि त्यांनी अंगणात सापळे लावायला सुरुवात केली. घराघरांत, गल्लीगल्लीत. शेजारी एकमेकांना विचारू लागले, आज काही सापडलं का? ज्यांची वर्षानुवर्षं ओळख नव्हती, त्यांना बोलायला विषय मिळाला. अभयारण्याचा हा फायदा कुठल्या हिशेबात मांडतात, कळत नाही. पण शहराला अशा धाग्यांची पाण्याइतकीच गरज असते.

सगळं गोड नाही. काका झाडांच्या साली सोलतो, परसातली जुनी झाडं त्यानं जायबंदी होतात, आणि लोक वैतागतात. त्याची झळ काकालाही बसते. जुन्या छपरांचं शिसं चघळून त्याला विषबाधा होते. प्रेमानं घातलेला खाऊही त्याला बाधतो, म्हणून ‘खायला घालू नका’ असं सांगावं लागतं. लांबून प्रेम करणं शिकायला शहराला वेळ लागतो.

(दृश्य : रात्र. कॅमेरा-ट्रॅपची करडी चित्रफीत. भिंतीच्या कडेनं जाणारा बिबट्या. मागे इमारतींचे दिवे.)

साली सोलणारा पोपट एक वेळ परवडला. हा शेजारी वेगळा आहे. मुंबईच्या उद्यानात आणि त्याच्या आसपास बिबटे राहतात. २००४ मध्ये त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या घरांसमोर बिबट्याचे फायदे सांगत उभं राहणं सोपं नाही आणि ते हलकेपणानं करूही नये. पण त्याच काळात महाराष्ट्रात झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढं आली. बिबट्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडला, की संघर्ष मिटत नाही, नव्या जागी उफाळतो. मग वन विभाग, संशोधक, पत्रकार आणि नागरिक यांनी मिळून दुसरी वाट धरली. कचरा उघडा ठेवू नका, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडीत पकडू नका.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं आणखी एक बाजू दाखवली. हे बिबटे भटकी कुत्री खातात. त्यामुळे वर्षाला सुमारे १००० लोक कुत्र्याच्या चाव्यापासून आणि ९० जण रेबीजच्या संभाव्य मृत्यूपासून वाचत असावेत, असा संशोधकांचा अंदाज. हा अंदाज आहे, पण तो बिबट्याकडे बघण्याची नजर बदलतो.

(दृश्य : रुग्णालयाची खिडकी. बाहेर हलणारी फांदी.)

आणखी एक छोटी नोंद. १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिख यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नुसत्या दिसण्यानं एवढं होतं. ज्या मुलाला शाळेतून चालत जाऊन खंड्या बघता येतो, त्याला काय मिळत असेल?

(दृश्य : पिवळं गवत. जिराफाची मान. तिच्या मागे क्षितिजावर शहराच्या इमारती.)

नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ चं. ११७ चौरस किलोमीटर, केनियाच्या राजधानीला अगदी चिकटून. सिंह, गेंडे, जिराफ. शहराच्या बाजूंना कुंपण आहे, दक्षिणेला नाही. वेलिंग्टनमध्ये कुंपणानं जीव वाचवले. इथं कुंपण नसण्यात जीव आहे. कारण कोरड्या दिवसांत झेब्रे आणि विल्डबीस्ट उद्यानातल्या पाण्यावर येतात आणि पाऊस पडला की दक्षिणेच्या माळांवर चरायला निघतात.

ते माळ लोकांच्या मालकीचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथं गुरं आणि वन्य प्राणी एकाच गवतावर जगले. आता शहर तिकडे सरकतंय. जमिनीचे तुकडे पडतात, तुकड्याभोवती तार येते. काही जमीनमालकांना मोबदला देऊन जमीन मोकळी ठेवण्याचे करार झाले आहेत. न्याय्य आहे ते. लाखो लोकांच्या शहराला जे मिळतं, त्याचा भार माळावरच्या एका कुटुंबानं का सोसावा?

(दृश्य : संध्याकाळ. आकाश भरून आलेलं. पहिले थेंब धुळीत.)

पाऊस आला. कळप उठला. पुढची मादी दक्षिणेला तोंड करून चालू लागली, मागे पिल्लं. नदी ओलांडली. समोर एक नवी तार आहे, गेल्या पावसाळ्यात ती नव्हती. मादी थांबते, तारेच्या कडेनं चालत राहते.

(दृश्य : तार संपते. दोन खांबांमध्ये मोकळी जागा.)

इथून वाट आहे.