कोपरापर्यंत हात

(ग्रेडरभाऊंच्या आठवणीसाठी गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर, सामुदायिक प्रार्थनेनंतर झालेलं भाषण. बोलीतलं बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, राम राम.

अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस. वजनाचा अंदाज चुकत नाही, वेळेचा हमखास चुकतो. तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही एक वाक्य म्हटलं, की ग्रेडरभाऊ जन्मात खोटं बोलले नाहीत. मी त्यांच्याबरोबर एकवीस हंगाम काढले. १९८४च्या दिवाळीनंतर मी कापूस खरेदी केंद्रावर काटेबाबू, म्हणजे वजन करणारा बाबू, म्हणून लागलो, तेव्हापासून भाऊ २००५ला निवृत्त होईपर्यंत. त्या एकवीस हंगामांच्या जोरावर हे वाक्य मला थोडं दुरुस्त करायचं आहे. पण आधी ग्रेडर म्हणजे काय ते सांगतो, कारण समोर बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेलाच नाही.

आपल्या राज्यात १९७१ साली कायदा झाला आणि १९७२च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. म्हणजे शेतकऱ्याचा कापूस खासगी व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही, तो केंद्रावरच यायचा. बंडी, म्हणजे बैलगाडी, जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात लागली, की पहिला माणूस येणार तो ग्रेडर. तो प्रत ठरवणार. मग काटा, मग पावती, मग गंजी, म्हणजे कापसाचा ढीग, आणि मग कधीतरी चुकारा, म्हणजे मालाचे पैसे. त्या चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलं जायचं. त्यामुळे ग्रेडरच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत बंडीवाला श्वास धरून उभा असायचा. एक प्रत खाली आली, की पोरीचं लग्न पुढच्या साली. दुसरा गिऱ्हाईक नाही, दुसरा बाजार नाही. माणसाच्या हातात एवढी ताकद दिली, की त्या हाताकडे लोक संशयानंच पाहणार. अशा खुर्चीवर बसून भाऊंनी लोकांचा जिव्हाळा मिळवला, हे मला आजही नवलाचं वाटतं.

त्यांची पद्धत सांगतो. वरवर मूठभर कापूस उचलून प्रत सांगता येते, आणि रांग दीडशे बंड्यांची असली की माणूस तेच करतो. भाऊ बाही वर सारायचे आणि बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे. वरचा एक नमुना, मधला एक, बुडाचा एक. म्हणायचे, "वरचा कापूस पाव्हण्यासाठी असते, बुडातला घरच्यासाठी. मले घरचा दाखवा."

मग एका बोंडातली एकच सरकी घ्यायचे. तिच्यावरचा कापूस दोन्ही बाजूंना बोटांनी विंचरायचे, हळूहळू, पोरीचा भांग पाडावा तसा. सरकी मधोमध आणि दोन्हीकडे धागे सरळ पसरलेले, फुलपाखराच्या पंखासारखे. ते आपल्या काळ्या छत्रीवर ठेवायचे. भर डिसेंबरात हा माणूस छत्री घेऊन का फिरतो, म्हणून नवीन हमाल हसायचे. पांढरा धागा काळ्यावरच दिसतो, हे त्यांना आठ दिवसांनी कळायचं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडायची. १९९२ नंतर स्टीलचा नवा रुपया निघाला. त्याची रुंदी बरोबर २५ मिलिमीटर. आठ आण्याचं स्टीलचं नाणं २२, आणि चार आण्याचं १९. कुठून मोजून आणलं कोणास ठाऊक, पण तेव्हापासून भाऊंच्या खिशात ही तीन नाणी कायम. धाग्याच्या लांबीचा हिशेब असा, की साडेवीस ते साडेचोवीस मिलिमीटर म्हणजे मध्यम, २५ ते २७ म्हणजे मध्यम-लांब, आणि साडेसत्तावीसच्या वर लांब धागा. शेतकऱ्याला मिलिमीटर कुठून कळणार? भाऊ पंखाच्या शेजारी नाणं ठेवायचे. "पाहा बाप्पा, तुमचा धागा रुपया गाठून रायला का? नाही गाठत. आठ आण्याच्या पुढं हाय, रुपयाच्या मांगं हाय. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

आणि शेतकरी स्वतः सांगायचा, मंडळी! कुरकुरत, पण सांगायचा. खालची प्रत घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या साली मुद्दाम भाऊंच्याच रांगेत बंडी लावायचा. त्याला कमी मिळालं होतं, पण का कमी मिळालं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे पुढे गावातल्या बाया वेचणी करतानाच रुपया लावून पाहायला लागल्या, असं मला एका आजीनं सांगितलं. खरं-खोटं तिला माहीत.

ओलावा पाहायची तऱ्हा वेगळी. आता यंत्र टोचलं की आकडा दिसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात करून घेतात, त्याच्या वर परत. तेव्हा यंत्र म्हणजे भाऊंचे दात. मूठभर कापूस दाबायचा आणि सोडायचा. कोरडा असला तर तो उसळून पुन्हा फुलतो, ओला असला तर गोळा होऊन बसतो. शंका राहिली तर सरकी दाढेखाली धरायची. कोरडी सरकी कट्‌कन वाजते. ओली चेपते, आवाज करत नाही. हंगामात दिवसाला शे-दोनशे सरक्या फोडायचे. त्यासाठी दसऱ्यापासून तंबाखूचा खर्रा बंद. "तोंडात खर्रा असला तं सरकी काय बोलून रायली ते समजत नाही," म्हणायचे. होळी झाली, की पहिला खर्रा माझ्याकडून.

एवढा सोस कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. ते मला हात धरून आत जिनिंगमध्ये घेऊन गेले. ओल्या कापसाची सरकी रोलरखाली फुटते, तिचं तेल रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, लागतं, डाग पडतो. ओली गंजी आतून तापते, पिवळी पडते. कच्च्या कापसाच्या शंभर किलोत रुई निघते तेहतीस-चौतीस किलो. एक गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटल कापूस. "एका बंडीतलं पाणी दुसऱ्या दहा बंडीवाल्यांचा माल नासवते," एवढंच म्हणाले. मग दोघं शिंकत बाहेर आलो.

आता त्यांचे दोषही सांगतो, नाहीतर त्या फोटोतल्या हाराखालचा माणूस आपला वाटणार नाही. भाऊ हळू होते. फार हळू. मी काट्यावर माशा मारत बसलोय आणि हे छत्रीवर सरकी विंचरतायत. इकडे रांगेतले बैल उपाशी, बंडीवाले रात्रभर थंडीत, आणि कापसाच्या आवारात साधी विडी पेटवायची सोय नाही. लोकांच्या शिव्या मी ऐकल्या आहेत आणि त्या रास्त होत्या. जरा भरभर पाहिलं असतं तर चाललं असतं, असं माझं आजही मत आहे. अक्षर असं, की त्यांची चिठ्ठी वाचायला त्यांनाच बोलवावं लागे. आणि माणसांची नावं अजिबात लक्षात राहायची नाहीत. त्यांना बैल लक्षात राहायचे. "तो ढवळ्या-मोऱ्या जोडीवाला आला होता का? त्याच्या कापसात औंदा कवडी लई हाय." कवडी म्हणजे खराब कापूस. वहिनींनाही घरी असंच सांगायचे. त्या माउलीला तालुक्यातले सगळे बैल तोंडपाठ आणि माणूस एकही ओळखीचा नाही.

आमचा डबा एकत्र. त्यांच्या घरची ज्वारीची भाकर, आमच्याकडचा ठेचा. एकवीस हंगामांत फक्त बारा दिवस आम्ही वेगळे जेवलो. ते बारा दिवस सांगतो.

१९९४चा मार्च. होळी तोंडावर आलेली. हंगाम संपत आलेला, फरदडीचा, म्हणजे उशिराच्या वेचणीचा, कापूस येत होता. त्या दिवशी रांगेत आमच्या बाबांची बंडी होती. मी काट्यावर, बाबा बंडीवर. केंद्रावरच्या सगळ्यांना माहीत की काटेबाबूचे वडील आलेत. भाऊंनी बाही वर केली, हात घातला. हात बाहेर काढला, मूठ दाबली. मग सरकी दाढेखाली धरली. मी काट्यावरून कान देऊन होतो. आवाज आला नाही.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादाजी, दहिवराचा कापूस भरला तुम्ही. दोन दिवस वाळवा अन् घेऊन या." दहिवर म्हणजे थंडीतलं पहाटेचं दव.

आमचे बाबा म्हणजे तलाठ्याशी रुपयासाठी भांडणारा माणूस. ते एक शब्द बोलले नाहीत. बंडी वळवली आणि गेले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी भाऊंना गाठलं. म्हटलं, "भाऊ, होळीच्या दिवसांत दहिवर? माळावर धूळ उडून रायली अन् तुम्हाला दहिवर दिसते? माझ्या बापाची बंडी परत लावून तुम्ही लोकांसमोर मोठे झाले."

ते छत्री झटकत होते. म्हणाले, "पडते ना. एखाद्या वावरात पडते."

जो माणूस प्रत्येक बंडीवाल्याला कारण दाखवल्याशिवाय सोडत नाही, त्यानं मला असं धडधडीत तोंडाला येईल ते कारण द्यावं, याचा मला जास्त राग आला. डबा वेगळा केला. तिसऱ्या दिवशी बाबा तोच कापूस घेऊन आले. सरकी कट्‌कन वाजली, प्रत चांगली मिळाली. काट्यावर भरला सात क्विंटल सत्तर. पहिल्या दिवशी गावातल्या काट्यावर तोलून निघाले तेव्हा आठ होता. वाळला की घटतोच, म्हणून मी पावती फाडली. बाराव्या दिवशी धुळवड होती. भाऊ रंगानं माखून माझ्या दारात आले, "खर्रा दे गा," म्हणाले, आणि विषय संपला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतरचं भरभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. २००२ साली बीटी बियाणं आलं, त्याच सुमारास एकाधिकारही सैल झाला, खासगी व्यापारी पुन्हा उतरले. आमच्या केंद्रावरच्या रांगा आखूड झाल्या. भाऊ निवृत्त झाले, थोडी शेती केली, पेरणीच्या वेळी माझ्या घरी येऊन कुठलं बी घेऊ म्हणून विचारायचे आणि मी सांगितलेलं सोडून दुसरंच घ्यायचे. मागच्या साली पोळ्याच्या आठ दिवस आधी सकाळी उठलेच नाहीत. त्रास नाही, दवाखाना नाही.

तेराव्याला मी त्यांच्या घरी होतो. पंगती उठल्या होत्या. एक म्हातारा माणूस एसटीनं आला, दोन गाड्या बदलून. दारात उभा राहून वहिनींना म्हणाला, "बाई, मी ढवळ्या-मोऱ्या जोडीवाला."

वहिनी लगेच म्हणाल्या, "या ना. ढवळ्याचा पाय बरा झाला होता का मंग?"

बैल जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण तो माणूस तिथंच ओसरीवर खाली बसला आणि रडायला लागला. जेवला. मग मला म्हणाला, तुम्ही काट्यावर होते ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, एका साली माझी बंडी त्यांनी परत लावली होती. कापसावर पाणी मारलं होतं मी. कर्ज कापून हाती काही उरत नव्हतं, म्हणून वजन वाढवायला मारलं. माझे दोन्ही सोयरे रांगेत उभे होते. ग्रेडरभाऊंनी हात घातला, त्यांना समजलं, मला समजलं की त्यांना समजलं. "अन् ते मोठ्यानं म्हणाले, दहिवराचा कापूस हाय, वाळवून आणा. एवढंच बोलले बाप्पा ते. मले त्या दिवशी त्यांनी वाचवलं."

मी विचारलं, "महिना कोणता होता?"

"माघ सरत आला होता. दहिवर कुठलं तवा."

त्याला शेवटच्या गाडीला सोडायला मी फाट्यापर्यंत गेलो. वाटेत राहवलं नाही. विचारलं, पाणी किती मारलं होतं? म्हणाला, दोन गुंडं. काटेबाबूच्या डोक्यात हिशेब आपोआप होतो, त्याला इलाज नाही. गुंड म्हणजे पितळेची घागर, एकात पंधरा लिटर. दोनाचे तीस किलो.

तर मंडळी, ग्रेडरभाऊ जन्मात खोटं बोलले नाहीत, हे बरोबर नाही. एकदा तरी बोलले, त्याचा साक्षीदार मी फाट्यावर सोडून आलो. दुसऱ्या वेळेचं मला बाबांना विचारता आलं असतं, पण बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बैलाचं सांगत भाऊजी. पाण्याचं कोणाचंच नाही सांगितलं."

आता एकच माणूस उरलं. त्या वर्षी आमच्या घरी ओसरीत कापूस भरला होता, आणि गुंड कुठं ठेवलेत हे घरात फक्त आईला माहीत असायचं. ती तिसऱ्या ओळीत बसली आहे, पंच्याऐंशी वर्षांची, आणि मघापासून पदर तोंडाला लावून हसते आहे.

आई, घरी गेल्यावर बोलू.