वाट किती पाहायची?

(दृश्य: टेबलावर पसरलेला चौकटींचा कागद. सिस्टरचा हात पेनाने एकेक ठिपका देतोय.)

हा कागद प्रत्येक लेबर रूममध्ये असतो, निदान असायला हवा. याचं नाव पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाचा आलेख. वरच्या चौकटींत बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाला एक ठिपका. मधे गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते, साधारण दर चार तासांनी. त्याखाली, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली. ते मोजायला मशीन लागत नाही. बाईच्या पोटावर हात ठेवायचा, नजर घड्याळाच्या काट्यावर ठेवायची आणि बसून राहायचं.

मधून दोन तिरप्या रेघा जातात. ठिपके पहिलीच्या अलीकडे आहेत तोवर सगळं ठीक चाललंय. पहिली रेघ ओलांडली की सावध व्हायचं. दुसरीला टेकले की निर्णय घ्यायचा.

प्रसूती किती वेगाने पुढे सरकते याचा आलेख इमॅन्युएल फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली मांडला. पण या दोन रेघा आल्या आफ्रिकेतून. १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी त्या आखल्या. तिथली बाळंतपणं दूरवरच्या दवाखान्यांत सुईणी करायच्या आणि सिझरची सोय मोठ्या हॉस्पिटलातच होती. बाईला कधी हलवायचं, हे सुईणीला वेळेत कळायला हवं होतं. दोन रेघांमध्ये चार तासांचं अंतर ठेवलं, ते या प्रवासासाठी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात ३५ हजारांहून जास्त बाळंतपणांमध्ये हा कागद वापरून पाहिला. रखडलेली बाळंतपणं कमी झाली. कळा वाढवण्याचं इंजेक्शन कमी लागलं. आणि तातडीची सिझरसुद्धा कमी झाली. नीट लक्ष ठेवलं, तर वाट पाहण्याचं धाडस होतं आणि मदतही वेळेवर पोचते. 'नॉर्मल चांगलं की सिझर' या वादात ही गोष्ट हरवते, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

(दृश्य: पावसाळा. गढूळ पाण्याने भरलेली नदी, अलीकडे थांबलेली जीप.)

भामरागड. जिल्ह्याचं गाव गडचिरोली इथून दीडशे किलोमीटरहून लांब. पर्लकोटेला पूर आला की इथला संपर्क तुटतो, हे लोकांनी वर्षानुवर्षं सोसलंय. इथे बाई अडली, तर सिझर जास्त होतात की कमी हा प्रश्नच नसतो. सिझर होऊ शकेल अशा टेबलापर्यंत ती पोचते का, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून आदिवासी भागात 'माहेरघर' सुरू झालं. दिवस भरत आले की बाई घरच्या माणसासोबत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहते. कळा सुरू झाल्यावर नदी ओलांडण्यापेक्षा आधीच ओलांडलेली बरी. साधी योजना आहे, पण ती आखणाऱ्यांना रस्ते आणि नद्या माहीत होत्या.

घरच्या बाळंतपणाबद्दल हल्ली शहरांत फार हळवेपणाने बोललं जातं. गावातल्या सुईणीकडे ज्ञान होतं, यात शंका नाही. बाईला उकिडवं बसवायचं, हिंडवायचं, कंबर चोळायची, घाई करायची नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पण वार पडल्यावर रक्त थांबलं नाही, तर तिचे हात रिकामे असायचे. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरत असतं. पिशवी आवळली गेली नाही, तर बाई दोन-तीन तासांत जाऊ शकते. बाळ बाहेर आल्यावर लगेच मांडीत दिलेलं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं एक इंजेक्शन हा धोका पुष्कळ कमी करतं. हाही हस्तक्षेपच आहे, आणि तो कुठल्याच बाईने नाकारू नये असं आम्हाला वाटतं.

१९९२-९३ मध्ये देशातली जेमतेम चौथा हिस्सा बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर गेलं, महाराष्ट्रात ९४ च्या वर. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. या उतरलेल्या आकड्यात सिझरचा वाटा आहे, रक्तपेढ्यांचा आहे, रात्री-अपरात्री धावलेल्या गाड्यांचाही आहे.

(दृश्य: शहरातलं छोटं नर्सिंग होम. जिन्यात वाट पाहणारे नातेवाईक.)

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. बायकांची शरीरं रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरी अशी नसतात.

कारण म्हणून पैशाकडे पटकन बोट जातं, आणि ते कारण आहेच. पण दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये एकच डॉक्टर असते, किंवा असतो. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात. दिवसाची ओपीडी करून रात्रभर तिच्या उशाशी कोण बसणार? भूलतज्ज्ञ संध्याकाळी मिळतो, पहाटे तीनला मिळेल याची खात्री नाही. जिन्यात पंधरा माणसं उभी, बाळाला काही झालं तर काचा फुटणार. मग संध्याकाळी सात वाजता सांगितलं जातं, 'पाणी कमी झालंय, रिस्क नको.' काही वेळा ते खरं असतं. काही वेळा ती रात्र टाळायची असते. आणि कधी घरचेच मुहूर्ताची चिठ्ठी घेऊन येतात.

सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यांवर चिकटून बसण्याचा धोका त्यातूनच येतो. आज गरज नसताना घातलेला टाका पाच वर्षांनी जिवावर बेतू शकतो.

सरकारी लेबर रूममध्ये घाईचं रूप वेगळं. तिथे बाई उताणी झोपवलेली, एकटी, आणि हाताला कळांचं सलाईन. दोन कळांच्या मधे पिशवी सैल पडते, तेव्हाच बाळाला पुरेसं ताजं रक्त मिळतं. सलाईन जोरात सोडलं आणि पोटावर हात ठेवून मोजायला कुणी नसलं, तर कळा एकीवर एक आदळतात. मधली उसंत संपते. बाळाचे ठोके घसरतात. आणि मग खरोखरच तातडीचं सिझर करावं लागतं. ते सिझर योग्यच असतं. चूक दोन तास आधी झालेली असते. पोटावर कोपराने दाब देणं, पहिलटकरीण म्हणून सरसकट योनीमार्गाला कट देणं, हेही याच घाईतलं. दोन्ही करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. २०१८ साली तिने आणखी एक गोष्ट सांगितली: पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडण्याचा वेग प्रत्येक बाईकडून मागू नका. आई आणि बाळ ठीक असतील, तर कमी वेगानेही बाळंतपण नीट होतं.

(दृश्य: लेबर रूम. एक बाई खिडकीचे गज धरून उभी, मिडवाइफ मागून तिची कंबर दाबतेय.)

तेलंगणात त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत सिझरचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होतं, देशात सर्वाधिक. तिथेच २०१७ साली सरकारी नर्सेसना मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, म्हणून घडवण्याचं काम हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलसोबत सुरू झालं. पुढच्याच वर्षी केंद्राने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: अठरा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि बिनधोक्याचं बाळंतपण मिडवाइफच्या हाती. ती चार टेबलांमध्ये धावत नाही. एका बाईजवळ बसते, ठोके ऐकते, आणि डॉक्टरला हाक कधी मारायची हे तिला कळतं. महाराष्ट्रात अशा बायका तालुक्या-तालुक्यात हव्यात, आणि त्यांचा पगार, त्यांचा अधिकार कागदावर ठरलेला हवा.

त्या येईपर्यंत एक गोष्ट आजही हाताशी आहे. कळांच्या वेळी धीर देणारं माणूस सतत सोबत असेल, तर सिझर कमी होतात, बाळंतपण थोडं लवकर उरकतं. २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायकांच्या अनुभवातून हे दिसलंय. सरकारी दवाखान्यात सोबतीला एक बाईमाणूस आत घेण्याची परवानगी केंद्राने २०१६ सालीच दिलीय. सातव्या-आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा: आत माझ्यासोबत कोण येऊ शकेल? रात्री ठोके कोण ऐकणार? भूलतज्ज्ञ किती वेळात येतील? आणि 'आत कुणालाही सोडत नाही' असं उत्तर आलं, तर २०१६ च्या परवानगीचं नाव घेऊन पुन्हा विचारा.