पहिल्या भागात दिलेला शब्द
(नागपुरात वाचकांशी झालेल्या गप्पांचं संपादित शब्दांकन)

मंडळी, "पुढचा भाग कधी?" हा प्रश्न आज इथे येताना दारातच तीन-चार जणांनी विचारला. मला तो मनापासून आवडतो. ज्याला पुढचं हवं आहे, त्याने मागचं लक्षात ठेवलेलं असतं. मालिका लिहिणाऱ्याचं सगळं काम या लक्षात ठेवण्याभोवतीच फिरतं, म्हणून तिथूनच बोलतो.

एकच कादंबरी लिहिताना तुम्ही शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचता, मग मागे जाऊन पहिलं प्रकरण बदलता. मालिकेत ही सोय नाही. तिसरा भाग लिहायला बसता तेव्हा पहिला भाग लोकांच्या कपाटात असतो. त्यात नदी उत्तरेला वाहते म्हटलं असेल, तर ती उत्तरेलाच वाहणार. त्यामुळे पहिल्या भागात काय सांगायचं आणि कशाबद्दल गप्प राहायचं, हे फार जपून ठरवावं लागतं.

माझ्या मालिकेतली मुलगी लोखंडाशी बोलते, हे तुम्हाला माहीत आहेच. ती कल्पना मला याच जिल्ह्यात मिळाली. काटोल रस्त्यावर जुनापाणीला गेला असाल, तर दगडांची वर्तुळं पाहिली असतील. मोठाले दगड गोलाकार मांडलेले, काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांची ती दफनस्थळं. पेंच नदीकाठी नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. माहुरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, साजासकट. म्हणजे आज आपण जिथे ऑरेंज सिटी म्हणून मिरवतो, त्याच्या आसपास अडीच हजार वर्षांपूर्वी माणसं धातू वितळवत होती, मणी घडवत होती, आणि मेलेल्याच्या पुढच्या प्रवासाची तयारी करत होती. त्यांची भाषा आपल्यापर्यंत आली नाही, एकाचंही नाव आलं नाही. कल्पनारम्य कादंबरी लिहिणाऱ्याला याहून मोठं अंगण कुठे मिळणार? इतिहासकार जिथे पुराव्याअभावी थांबतो, तिथे मला पाऊल टाकता येतं. मात्र पुरावा जिथे आहे तिथे मी त्याच्याशी खोटं वागत नाही. भट्टीचा भाता, कोळसा, धातूचा मळ हे सगळं खऱ्यासारखं असलं, तरच लोखंड बोलतं यावर कोणी विश्वास ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. त्या मुलीने लोखंडाला साद घातली की दर वेळी तिला ओळखीच्या एका माणसाचा आवाज आठवेनासा होतो. चेहरा राहतो, आठवणी राहतात, आवाज जातो. पहिल्या भागात तिने तीनदा साद घातली. आई, गुरू, शेजारची मैत्रीण. हा हिशोब माझ्या वहीत आहे, आणि आता कळतंय की तुमच्याही वहीत आहे. मघाशी एका वाचकाने विचारलं, "दुसऱ्या भागात पुराच्या वेळी तिने साद घातली, मग तेव्हा कोणाचा आवाज गेला?" त्याचं उत्तर पुस्तकात आहे, पण लपवलेलं. पुढे एकदा आजोबा तिला अंधारात हाक मारतात आणि ती "कोण?" म्हणते. तेवढंच. ज्याला सापडलं, त्याचा आनंद मला कोणत्याही पुरस्काराइतका मोलाचा आहे.

शक्तीची किंमत आधी ठरवा, शक्ती नंतर. तरुण लेखकांना मी हे आग्रहाने सांगतो. तिसऱ्या भागात नायक कोंडीत सापडला की नवी शक्ती देऊन त्याला सोडवायचा मोह होतो. वाचक तेव्हा काही बोलत नाही, पण चौथा भाग विकत घेत नाही. किंमत आधीच ठरलेली असेल, तर कोंडीतूनच कथानक निघतं. आवाज उरलेत चार, आणि तीन वेळा साद घालणं भाग आहे. मग कोणाला वाचवायचं? इथून पुढचं प्रकरण मला फारसं ओढावं लागत नाही.

कोणीतरी विचारलंय की मराठीत कल्पनारम्य कादंबरी हा प्रकार परका नाही का. अजिबात नाही. 1861 ची 'मुक्तामाला' आणि 1868 ची 'मंजुघोषा' घ्या. आपली कादंबरी बाळसं धरत होती तेव्हाच ती अद्भुताच्या अंगाने चालली होती. आणि नागपूरकराने तर हा प्रश्न विचारूच नये! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने काढतो, रोगराई, इडा-पिडा घेऊन जा म्हणून तिला गावाबाहेर नेऊन जाळतो, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषाच्या पुतळ्यांवर, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षीची सगळी गाऱ्हाणी लटकवतो. एका आकृतीने गावाचं दुखणं अंगावर घ्यायचं, ही कल्पना ज्या शहरात दरवर्षी रस्त्यावरून चालत जाते, त्याला अद्भुत शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही.

प्रकाशनाबद्दल बरेच प्रश्न आहेत. त्यातला एकच मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मालिकेचा पहिला भाग कायम बाजारात हवा. दुसरा भाग येतो तेव्हा नवा वाचक पहिल्यापासून सुरुवात करतो. तोच संपलेला असेल, तर दुसऱ्याची पेटी दुकानात तशीच पडून राहते. मराठीत एक आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. ती संपली आणि पुनर्मुद्रण लांबलं, तर सगळी मालिका अडते. म्हणून करारात लिहून घ्या की प्रती संपल्यावर ठरावीक महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही, तर हक्क लेखकाकडे परत येतील. मुदतही लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पाच भागांच्या मालिकेत दर भागाची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपली तर केवढा गोंधळ होईल, विचार करा. शक्य असेल तर सगळ्या भागांचे हक्क एकाच दिवशी परत येतील असं ठरवा. ऑडिओ, ई-बुक, अनुवाद आणि चित्रपट यांची कलमं वेगळी ठेवा. प्रकाशक चांगला असला तरीही ठेवा. चांगल्या प्रकाशकाला त्याचा राग येत नाही.

फॉर्म्याचा हिशोबही डोक्यात असू द्या. सोळा पानांचा एक फॉर्मा. दुसरा भाग पहिल्यापेक्षा दहा फॉर्म्यांनी वाढला, तर किंमत वाढते, आणि ती वाढ कॉलेजात शिकणाऱ्या वाचकाच्या खिशातून जाते. माझा दुसरा भाग मी त्याच कारणाने कमी केला, आणि तो त्यामुळे चांगला झाला असं मला वाटतं. पुस्तकांचे कणे मात्र सगळ्या भागांचे एका उंचीचे, एका रांगेत शोभतील असेच हवेत. यावर मी प्रकाशकाशी हट्ट धरतो.

शेवटचा प्रश्न मागे बसलेल्या ताईंचा. त्यांची पाच भागांची मालिका मनात तयार आहे, पहिला लिहून झालाय, तो पाठवू का? पाठवा. सोबत उरलेल्या भागांचा दोन पानी आराखडा द्या, जास्त नको. पण पहिल्या भागाला स्वतःचा शेवट असू द्या. दुसरा निघालाच नाही तरी वाचकाला अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटता कामा नये. आणि प्रकाशकाचा होकार आला की लगेच दुसऱ्याला बसा. पहिल्याची प्रुफं तुमच्या हातात येतील तेव्हा दुसऱ्याचा कच्चा खर्डा टेबलावर असला पाहिजे. लिहिता लिहिता कळेल की पहिल्या भागातला एखादा म्हातारा मरायला नको होता. प्रुफावर त्याला जिवंत ठेवता येतं.