चाकांवरचे जुने घर

[दृश्य : जर्मनीतील एक मोकळे मैदान, सकाळची वेळ. रांगेने उभ्या असलेल्या जुन्या कॅम्पर व्हॅन, त्यांची मागची झाकणे उघडी.]

जुन्या फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅनच्या मेळाव्यात आलेला जाणकार माणूस गाडीच्या मागे जातो, इंजिनाचे झाकण उचलतो आणि सर्वांत आधी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. पट्टा साधारण १५ मिलिमीटर आत गेला, की तो समाधानाने पुढच्या तपासणीकडे वळतो. या गाडीला रेडिएटर नाही, पाणी नाही आणि पाण्याचा पंपही नाही. इंजिन आणि त्यातले गरम तेल थंड ठेवण्याचे काम हवा करते, आणि ती हवा ज्या पंख्यातून येते तो पंखा याच एका पट्ट्यावर फिरतो. जनरेटर आणि पंखा एकाच दांड्यावर बसवलेले असल्यामुळे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा चालत्या गाडीत अचानक लागला, तर पट्टा तुटला असे समजून गाडी ताबडतोब कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे, ही या गाडीच्या मालकाला मिळणारी पहिली शिकवण असते.

[दृश्य : जुनी छायाचित्रे, कारखान्यातील जोडणीची रांग.]

नेदरलँड्समधील मोटारविक्रेते बेन पॉन यांनी १९४७ साली आपल्या वहीत एका खोक्यासारख्या गाडीचे रेखाटन केले. त्यातूनच पुढे मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलवण्यात आले. वेस्टफालिया या कंपनीने १९५१ मध्ये तिच्यासाठी लाकडी सामानाचा एक संच तयार केला. आठवडाभर मालवाहतूक करणाऱ्या गाडीत सुट्टीच्या दिवशी तो संच बसवायचा आणि कुटुंबासह बाहेर पडायचे, अशी ती सोय होती. मराठी प्रेक्षकांना जवळची वाटेल अशी एक नोंद येथे करायला हवी. आपल्याकडे ज्या गाडीला पिढ्यान्‌पिढ्या मॅटॅडोर म्हटले गेले, ते नाव मुळात हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या टेम्पो मॅटॅडोरचे होते. १९४९ साली आलेल्या त्या पहिल्या मॅटॅडोरमध्ये फोक्सवॅगनचेच हवेने थंड होणारे इंजिन बसवलेले होते. पुढे बजाज टेम्पोने पुण्याजवळच्या आकुर्डीत बनवलेली मॅटॅडोर ही या घराण्याची पुढची, बरीच बदललेली शाखा होती.

आज मेळाव्यांत सर्वाधिक दिसते ती व्हॅनची दुसरी पिढी, म्हणजे पुढे एकसंध मोठी काच असलेली, १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत तयार झालेली गाडी. तिच्या १६०० सीसी इंजिनाची ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती आहे. तेवढ्या ताकदीवर ती माणसे, अंथरूण-पांघरूण, शेगडी, कपाटे आणि उघडणारे छप्पर घेऊन चढ चढते. या ओझ्याची किंमत इंजिनाला उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते, आणि या गाडीच्या देखभालीचे बहुतेक सगळे नियम त्या एका कारणातून आलेले आहेत.

[दृश्य : थंड इंजिन, टॅपेट कव्हर काढलेले. हातात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या.]

त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम टॅपेट सेटिंगचा आहे. साधारण दर ५,००० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) आणि तिला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामधली फट ०.१५ मिलिमीटर ठेवावी लागते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी हे काम करणे उत्तम, कारण कोमट इंजिनावर घेतलेले माप विश्वासाचे नसते. नवीन मालकाला टॅपेटच्या टिकटिक आवाजाची भीती वाटते आणि इंजिन शांत झाले की बरे वाटते. अनुभवी मालकाची काळजी मात्र नेमकी तेव्हाच सुरू होते. जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उष्णतेने ताणला गेला किंवा आपल्या बैठकीत खोल रुतला, तर फट कमी होत जाते आणि आवाज नाहीसा होतो. फट संपली, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आपली उष्णता बैठकीकडे देऊ शकत नाही, आणि अखेरीस त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते. त्यानंतर पिस्टन आणि सिलिंडरवरचे हेड दोन्ही वाचत नाहीत. म्हणून एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा कमी होताना दिसली, तर ती दुरुस्त करून विसरून जाऊ नये. तारीख आणि माप वहीत लिहावे आणि पुढच्या वेळी ताडून पाहावे. ही वही ठेवणारा मालक मला या छंदातला खरा मालक वाटतो.

तिसरा सिलिंडर जास्त तापतो, ही काळजीही अशीच वारशाने आलेली आहे. जुन्या रचनेत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, त्या सिलिंडरच्या वाटेत बसवलेला होता, त्यामुळे तिथे पोहोचणारी हवा आधीच तापलेली असे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर हलवून त्याची गरम हवा वेगळ्या वाटेने काढून देण्यात आली. तरीही इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी जागेवर नसेल, तर खाली सोडलेली गरम हवा पुन्हा वर खेचली जाते आणि सुधारित रचनेचा काही उपयोग राहत नाही. गॅरेजमध्ये इंजिन उतरवताना निरुपयोगी समजून बाजूला ठेवलेला आणि परत न बसवलेला एखादा छोटा पत्रा हे अनेक तापलेल्या इंजिनांचे कारण असते. अशा वेळी पुस्तकातल्या आकृतीपेक्षा शेजारी उभी असलेली दुसरी व्हॅन अधिक उपयोगी पडते. दोन झाकणे उघडायची, एकाच नजरेत तुलना करायची, आणि काय कमी आहे ते लगेच दिसते. मेळाव्यांचे खरे मोल यात आहे.

[दृश्य : पेट्रोलच्या जुन्या नळीचा तुकडा, बाहेरचे कापडी विणकाम सुटलेले.]

पेट्रोलच्या नळ्यांबाबत कोणतीही सवलत देता येत नाही. कापडी विणीच्या जुन्या रबरी नळ्या वयाने कडक होतात, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्यांचा ऱ्हास आणखी लवकर घडवते. दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल जर्मनीत २०११ मध्ये आले आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून तेच नेहमीचे पेट्रोल झाले. गळलेल्या पेट्रोलने आग लागली, तर धोका मोठा असतो, कारण या इंजिनाची क्रँककेस, म्हणजे त्याचे मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती एकदा पेटली, की पाणी मारल्याने आग अधिक भडकते आणि काही मिनिटांत फक्त सांगाडा उरतो. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या, योग्य मापाच्या क्लिपा, ठरावीक काळाने सर्व नळ्या बदलणे आणि इंजिनाच्या कप्प्यात आपोआप चालणारे अग्निशामक, यांवर केलेला खर्च रंगकामाच्या आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

गंजाचे दुखणे संथ असले, तरी गाडी मोडीत निघते ती शेवटी त्याच्यामुळे. इंजिन बदलता येते, परंतु दाराखालचे पोकळ पत्रे, चाकांच्या कमानी, छपराची पन्हळ आणि पुढच्या काचेची खालची कड आतून सडली, तर वेल्डिंगचे काम महिनोन्‌महिने चालते. विकत घेताना चकाकत्या रंगावर न भुलता खाली झोपून टॉर्चने पाहावे आणि लोहचुंबक फिरवावे. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असते.

[दृश्य : नंबरप्लेटवरचे शेवटचे अक्षर.]

जर्मनीत किमान ३० वर्षांची आणि बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात जपलेली गाडी ऐतिहासिक वाहनाच्या, शेवटी H अक्षर असलेल्या खास नंबरप्लेटसाठी पात्र ठरते, पण तिची नियमित तांत्रिक तपासणी चुकत नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, फारसा मूलभूत बदल न केलेल्या ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. तिथले अनेक जबाबदार मालक सूट असूनही तपासणी करून घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण ब्रेकच्या नळ्यांना कायद्यातली सूट लागू होत नाही.

सुट्या भागांची स्थिती मात्र विषम आहे. याच जातीचे इंजिन असलेली फोक्सवॅगनची बीटल मोटार मेक्सिकोत २००३ पर्यंत तयार होत होती आणि ब्राझीलमध्ये याच व्हॅनचे उत्पादन २०१३ च्या अखेरपर्यंत चालले. त्यामुळे इंजिनाचे बरेचसे भाग आजही नवे मिळतात. अडचण येते ती घराच्या भागात. वेस्टफालियाच्या कपाटांच्या कड्या, बाकाचे पलंगात रूपांतर करणाऱ्या बिजागऱ्या, उघडणाऱ्या छपराचे कापड या वस्तू मॉडेलच्या वर्षागणिक बदलत गेल्या आणि त्या सहजासहजी मिळत नाहीत. मग एखादा मालक आपले फाटलेले कापड शिवणीशिवणीने उसवतो, त्याचे नमुने कागदावर उतरवतो आणि त्याच वर्षाच्या गाड्या असलेल्या इतरांना कळवतो. पुरेशी नावे जमली, की कापडाचा एक संपूर्ण तागा मागवला जातो आणि सर्वांची छपरे एकाच शिवणयंत्रावर शिवून घेतली जातात.