पाच कप्प्यांचे ताट

मित्रहो, दक्षिण कोरियातील शिक्षकी जीवनाविषयी बोलावे असे आपण सुचवले, तेव्हा सर्वांत आधी डोळ्यांसमोर उभे राहिले ते शाळेच्या भोजनगृहातले पाच कप्प्यांचे स्टीलचे ताट. खालचे दोन कप्पे मोठे असतात. डावीकडच्यात भात आणि उजवीकडच्यात सूप. वरच्या तीन लहान कप्प्यांत किमची, म्हणजे तिखट-मिठात मुरवलेला कोबी, आणि इतर तोंडीलावणी, ज्यांना तिथे ‘बानचान’ म्हणतात. आपल्याकडे ताटाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची आणि उजवी भाजी-आमटीची, हे जसे घरात वावरता वावरता अंगवळणी पडते, तसेच तिथल्या पहिलीतल्या मुलालाही भाताची बाजू सांगावी लागत नाही.

मी तिथे कशी पोहोचले हे थोडक्यात सांगते. कोरियाच्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना १९९५ पासून चालू आहे आणि तिचा भर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा इंग्रजी मातृभाषेच्या देशांवर आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला आणि त्यामुळे इंग्रजी विषय घेऊन शिकलेल्या, अध्यापनाची पदवी असलेल्या भारतीय शिक्षकांनाही सहायक शिक्षक म्हणून वाट मिळाली. दक्षिण चोल्ला प्रांतात, सुनचॉन शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी तीन वर्षे शिकवले. साताऱ्याच्या शाकाहारी घरात वाढलेली बाई ज्या प्रांतात गेली, तिथल्या किमचीत खारवलेल्या मासळीचा हात सगळ्या कोरियात सढळ मानला जातो.

शाळेच्या जेवणाला तिथे ‘गुपशिक’ म्हणतात. महिन्याचा तक्ता आधीच घरोघर जातो आणि प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले असतात. हे आकडे ज्यांची अॅलर्जी असू शकते अशा अन्नघटकांचे. १ म्हणजे अंडे, ५ सोयाबीन, ९ कोळंबी, १० डुकराचे मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूळ. कोरियन लिपी नीट वाचता येण्याआधी मी हे आकडे पाठ केले आणि त्यांच्या आधाराने जेवू लागले. साध्या किमचीपुढे ९ का, हे मला कळेना. नंतर समजले की कोबीला लावायच्या मसाल्यात, आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून घातलेली असते. त्याहून मोठा धक्का सुपाने दिला. द्वेंजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घातलेल्या सुपापुढे ५ होता, १० नव्हता, १६ नव्हता. म्हणून ते मी निर्धास्त पीत असे. पण त्याचे पाणी उकळले जाते ते बहुधा आपल्या मांदेलीच्या कुळातल्या एका लहान वाळवलेल्या माशाबरोबर, आणि त्या माशाला तक्त्यात आकडाच नाही.

हे कळल्यावर मी घरून डबा आणू लागले. शिक्षकांच्या खोलीत एकटी बसून पोळी-भाजी खाई आणि कोणाला आपला त्रास नाही याचे समाधान मानी. उपमुख्याध्यापक मात्र रोज दाराशी थांबून विचारत, ‘‘सॉनसेंगनिम (म्हणजे आदराने ‘बाई’), जेवलात का?’’ हा प्रश्न आपल्याही गावात पाहुण्याला दारातच विचारला जातो, त्यामुळे तो मला ओळखीचा वाटला आणि मी ‘हो’ म्हणून मोकळी होई. त्यामागची चिंता ओळखायला मला दोन महिने लागले. तिथल्या भाषेत शिजलेला भात आणि जेवण यांना एकच शब्द आहे, आणि वर्गशिक्षकाने मुलांबरोबर जेवणे हा त्याच्या कामाचाच भाग समजला जातो. जेवणाची वेळ म्हणूनच कामाच्या तासांत धरतात. मुलांच्या दृष्टीने मी दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास चुकवणारी शिक्षिका होते. तिसरीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सॉनसेंगनिम, आमच्याबरोबर का जेवत नाही?’’ माझ्याजवळ त्याचे कोरियन उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर मराठीतही नव्हते.

मी पोषण-शिक्षिकेकडे गेले. प्रत्येक मोठ्या शाळेत अशी एक शिक्षिका असते. तक्ता ठरवणे, उष्मांक मोजणे आणि स्वयंपाकघरावर देखरेख हे तिचे काम. मी मोडक्या कोरियनमध्ये सांगितले की मला वेगळे काही करू नका, फक्त कशात काय आहे ते सांगा. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘‘तुम्ही मंदिरातले जेवण जेवला आहात का?’’

सुनचॉनजवळ सोंगग्वांग्सा हे कोरियन बौद्धांच्या तीन महत्त्वाच्या मठांपैकी एक आहे. तिथे मी एका शनिवारी राहिले. मठाच्या किमचीत मासळी नाही, कोळंबी नाही. मीठ, सोया सॉस आणि मिरची यांवर ती मुरते. एवढेच नव्हे, तर लसूण आणि पातीचा कांदाही नाही, कारण तीव्र वासाच्या पाच भाज्या भिक्षूंना वर्ज्य आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणाऱ्या माझ्या आजीला ते ताट पाहून काहीच समजावून सांगावे लागले नसते. जेवण संपल्यावर वाडग्यात गरम पाणी घेऊन, मुळ्याच्या एका चकतीने तो पुसून, ते पाणी पिऊन टाकायचे. वाडगा धुवायला वेगळे पाणी लागू नये आणि शितही वाया जाऊ नये, असा हा नेम आहे. अन्नाविषयीची ही दक्षता मठापुरती नाही. देशात २००५ पासून उरलेले अन्न जमिनीत पुरण्यास बंदी आहे, २०१३ पासून घराघराला त्याच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात, आणि कितीतरी शाळांत बुधवार हा ताट पूर्ण संपवायचा दिवस असतो.

मुलांबरोबर बसून जेवू लागले, तेव्हा माझी खरी अडचण त्या बुधवारांची होती. मुले रिकामी ताटे उंच धरून रांगेत उभी राहत आणि माझ्या ताटात सूप तसेच असे. ज्या शिक्षिकेने ‘टाकू नका’ म्हणायचे तिचेच ताट भरलेले, हे मला मनापासून लागत असे. आता कोणी म्हणेल, परदेशी गेल्यावर तेवढे सूप प्यावे. मला ते पटत नाही. आपले व्रत सोडणे आणि आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसणे, या दोन्ही वाटा सोप्या आहेत. एकाच बाकावर बसून, काय चालते आणि काय नाही हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगत राहणे कष्टाचे आहे, आणि परक्या देशात शिकवायला जाणाऱ्याने ते कष्ट घेतलेच पाहिजेत असे मला वाटते.

पुढच्या महिन्याचा तक्ता माझ्या टेबलावर आला, तेव्हा छापील आकड्यांशेजारी निळ्या शाईने काही ठिकाणी एक छोटे पान काढलेले होते. चार बुधवारांपैकी दोन बुधवारांवर ते होते. त्या दिवशी सुपाचे पाणी फक्त वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे असेल, असे पोषण-शिक्षिकेने खाली अगदी सोप्या कोरियनमध्ये, माझ्यासारखीला वाचता यावे म्हणून शब्द सुटे सुटे करून लिहिले होते. स्वयंपाकघरात सगळ्या शाळेसाठीच ते तसे शिजणार होते. त्यातल्या पहिल्या बुधवारी मी तिसरीच्या बाकावर बसले, सूप संपवले, आणि ती मुलगी माझे ताट हातात घेऊन सगळ्यांना दाखवत रांगेपर्यंत गेली.