आधी स्वतःवर, मग समोरच्यावर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय अमेरिकेतला काळा विनोदवीर डिक ग्रेगरी याच्याबद्दल. जन्म 1932, सेंट लुईस, मिसुरी.

13 जानेवारी 1961. शिकागोच्या प्लेबॉय क्लबात नेहमीचा कलाकार येणार नव्हता, म्हणून ऐनवेळी ग्रेगरीला बोलावलं. बिदागी 50 डॉलर. समोर गोठवलेल्या अन्नाच्या धंद्यातले गोरे अधिकारी, बरेचसे अमेरिकेच्या दक्षिणेतले, जिथं वर्णभेद सर्वांत कडक होता. त्या काळी गोऱ्यांच्या क्लबात काळ्या कलाकारानं गावं, नाचावं. नुसतं उभं राहून देशावर बोलावं हे खपत नसे.

ग्रेगरीनं क्रम ठरवून घेतला होता. पहिली कोपरखळी स्वतःला, मग प्रेक्षकांना. सुरुवातीलाच राग दाखवला तर लोक अंग आखडून बसतात. कीव वाटली तर हसूच मरतं. त्याचा प्रसिद्ध किस्सा घ्या. दक्षिणेतल्या हॉटेलात वेट्रेस सांगते, ‘आम्ही काळ्यांना सर्व्ह करत नाही.’ हा म्हणतो, ‘हरकत नाही, मी काळी माणसं खात नाही. एक अख्खी कोंबडी आणा.’ सगळी गंमत ‘सर्व्ह’ या शब्दात आहे: इंग्रजीत त्याचा अर्थ ‘काळ्यांना वाढणं’ही होतो आणि ‘काळ्यांनाच ताटात वाढणं’ही. मराठीत ‘वाढत नाही’ केलं की ती निम्मी सांडते, म्हणून शब्द तसाच ठेवला.

काळ्यांना दिली जाणारी ती जुनी शिवी प्रेक्षकांतून येणार हे गृहीतच होतं. त्यावर उत्तर तयार असे: करारानुसार हा शब्द ऐकला की मला 50 डॉलर जास्त मिळतात, तेव्हा सगळे उभे राहा आणि पुन्हा ओरडा! 1964 च्या आत्मचरित्राला त्यानं तीच शिवी नाव म्हणून दिली. अर्पणपत्रिकेत दिवंगत आईला सांगितलं, हा शब्द पुन्हा कानावर आला तर समज, माझ्या पुस्तकाची जाहिरात चाललीय.

मिसिसिपीतल्या ग्रीनवुड भागात काळे लोक मतदार नोंदणीला लागताच सरकारी धान्यवाटप बंद झालं. 1963 मध्ये ग्रेगरी विमान भाड्यानं घेऊन सुमारे 14,000 पौंड अन्न तिथं घेऊन गेला.

1968 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, 47,000 वर मतं मिळाली. प्रचारपत्रक छापलं एक डॉलरच्या नोटेसारखं, मधे स्वतःचा चेहरा. काही पत्रकं खऱ्या पैशांत मिसळली आणि सरकारनं ती जप्त केली. खटला मात्र झाला नाही. ग्रेगरी म्हणे, अमेरिकेच्या नोटेवर काळा माणूस कधी येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग ह्यांना नोटा कोण म्हणेल?